बांधापलीकडच्या पेट्या

अक्का गेली हे फोनवर कळलं तेव्हा मी नशिराबादला ट्रॉलीचा सौदा करत होतो. भाव जवळजवळ पाडला होता. फोन ठेवला, समोरच्याने सांगितलेल्या पहिल्याच किमतीला हो म्हणालो आणि निघालो... सौद्यात मी दोनदाच असा हरलो, दोन्ही वेळा या थोरल्या बहिणीमुळे.

साक्रीजवळ आमच्या डाळिंबाच्या बागा शेजारी-शेजारी, मध्ये एक बांध. माझी बाग मी अडत्यांशी भांडून उभी केली. अक्काने मात्र औषधाचा फवारा मारणं बंद केलं आणि मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. पेटीच्या दारात पसरट ताटली, तीत बुरशीची पावडर. किडीला मारणारी, माशीला न बाधणारी. माश्या तीतून चालत बाहेर पडायच्या आणि पायांना लागलेली पावडर फुलाफुलात पोचवायच्या. तिथे लपलेल्या फुलकिड्यांना ती बाधायची. "मजुरी नही, डिझेल नही. यासना संगे कसा भाव करशी, नाना?" असं डिवचायची.

गेल्या भाऊबीजेला ओवाळताना मी सगळ्यांदेखत फुशारलो, "मांग, काय मांगशी ते देसू." साडी, अंगठी, काहीही परवडलं असतं. ताट हातात तसंच धरून ती म्हणाली, "मन्या माश्या बांध पाहतस नहीत. फुलोरामा तू फवारा मारू नको. मी मोकळं करसू तवलोंग." निरांजन जळत होतं, सगळे हसत होते. घासाघीस करायला तिने जागाच ठेवली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

आता बाग फुलांनी लगडली आहे, फुलकिडे दिसू लागलेत, पंप तयार आहे आणि त्या शब्दातून मोकळं करणारी बाई नाही. वर्षाचं पीक या फुलांवर. तिच्या नवऱ्याकडे गेलो. "दाजी, तुम्ही तरी सोडवा मला." ते म्हणाले, "शब्द मले दिन्हा व्हता का? जाय, तिलेच इचार." आणि उपरण्यात तोंड घालून बसले...

फवारा बंद, मग पावडर तरी चुकायला नको. म्हणून रोज सकाळी मीच ताटल्या भरतो. किडे कमी झाले का, अजून सांगता येत नाही. रागापायी मी त्या पेट्यांजवळ कधी फिरकलो नव्हतो. आता रोज वाकतो तेव्हा दिसतं : तिची बाग पेट्यांच्या पाठीमागे आहे. सगळ्या पेट्यांची दारं तिने माझ्या बागेकडे करून ठेवली आहेत. मला न विचारता.