बोटभर फट

ग्रंथालयाच्या संगणकावर पुस्तकाचं नाव टाकलं की 'उपलब्ध' असा हिरवा शब्द उमटतो. कपाटापाशी जावं, तर पुस्तकाच्या जागी बोटभर फट. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच पुस्तकापाशी अडलंय आणि परवा ते सरांना दाखवायचंय.

"कुणीतरी दुसऱ्याच विषयाच्या कपाटात दडवलं असणार," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून करतात हो असं."

गेल्या वर्षी मीच ते दडवलं होतं. कुठल्या कपाटात, ते मात्र काही केल्या आठवत नाही. वर्षभरात या फटीसमोर किती जण असेच येऊन थांबले असतील, आणि त्या प्रत्येकाला संगणकानं माझंच खोटं सांगितलं असेल.