वहिनींची क्वेरी

रक्तपेढीत त्यांना सगळे वहिनी म्हणत, कारण नोंदणीच्या खिडकीवर त्यांची सख्खी नणंद बसायची आणि तिच्या खणखणीत आवाजापुढे खरं नाव कुणाच्या लक्षात राहणं शक्यच नव्हतं. वहिनींना कामावर घेतलं होतं टायपिंगसाठी. पण मान खाली घालून टायपिंग करत राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुर्मीळ गटाच्या रक्तासाठी हॉस्पिटलातून फोन आला, की वहिनी दाता शोधायचं बटण दाबत आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत बसे. फोनवरचा माणूस रडकुंडीला येई. मॅनेजरसाहेब म्हणत, मशीन म्हातारं झालंय. वहिनी फणकारत, "मशीनला काय धाड भरलीय? आपल्यालाच नीट विचारता येत नाही त्याला!"

विचारायचं ते क्वेरीतून, म्हणजे दात्यांच्या नोंदींच्या साठ्याला, डेटाबेसला, लिहून दिलेल्या प्रश्नातून. ती कुणा जुन्या प्रोग्रामरने लिहून ठेवलेली, आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. वहिनींनी साहेबांच्या मागे भुणभुण लावून डेटाबेसचा पासवर्ड मिळवला. जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाइल, असं व्हिडिओ बघत शिकल्या. 'तू हे कसं शोधणार आहेस?' असं डेटाबेसलाच विचारता येतं आणि तो आपला बेत इमानदारीत सांगतो, हे कळल्यावर तर त्या हरखून गेल्या. बेत वाचला आणि कपाळाला हात लावला. चार दात्यांसाठी तो बापडा नोंदींचं अख्खं टेबल, म्हणजे तक्ता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चाळत होता.

मग इंडेक्स सापडला. जाड पुस्तकाच्या मागे सूची असते ना, तशी टेबलाची सूची. वहिनींच्या अंगात वारंच शिरलं. गटाला इंडेक्स, तारखेला इंडेक्स, नावाला, पत्त्याला, अगदी वजनालासुद्धा! शोध थोडा सुधारला आणि बाई हवेत.

दुसऱ्याच सकाळी एका कारखान्याचे कामगार घोळक्याने रक्त द्यायला आले. आता प्रत्येक नवी नोंद त्या सगळ्या सूच्यांमध्येही लिहावी लागत होती, त्यामुळे मशीनने मान टाकली. रांग दारापर्यंत गेली.

"वहिनी, तुझ्या हुशारीपायी लोकांनी मला धारेवर धरलंय!" नणंद खिडकीतून ओरडली. निम्मे कामगार कंटाळून परत गेले. ते मात्र वहिनींना फार लागलं.

मॅनेजरसाहेब तरातरा आले. "पासवर्ड माझ्याकडे द्या. बाहेरची कंपनी बघेल काय ते. तुम्ही आपलं टायपिंग करा."

वहिनींचा चेहरा लालबुंद झाला. "चूक माझी. शंभरदा कबूल. पण हा गुंता मी केलाय, मीच सोडवणार. तोवर इथून उठायची नाही."

"आणि नाही सुटला तर?"

"तर नोकरीच घ्या माझी."

नणंदेने जीभ चावली. वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी आपले सगळे इंडेक्स एकेक करून उडवले. रांग सरकायला लागली. मग क्वेरी पुन्हा वाचली, आणि खरी मेख दिसली. दोन रक्तदानांत ठरावीक दिवस जावे लागतात, म्हणून 'तुला रक्त देऊन किती दिवस झाले?' असा हिशेब ती प्रत्येक दात्यासाठी वेगळा मांडत होती. मग तारखेच्या सूचीचा उपयोग काय, कप्पाळ? वहिनींनी हिशेब उलटा केला. आजपासून मागे जाऊन एकच तारीख काढली आणि विचारलं, या गटाचे, या तारखेआधी शेवटचं रक्त दिलेले कोण? गट आणि तारीख मिळून इंडेक्स ठेवला तो एकच.

तेवढ्यात फोन वाजला. बाळंतिणीला रक्तस्राव, गट दुर्मीळ. वहिनींनी बटण दाबलं. पलीकडचा माणूस हॉस्पिटलचा पत्ता सांगून संपवायच्या आत नावं पडद्यावर होती. तिकडे नणंदेची रांगही अडली नाही. पहिल्याच दात्याने "निघालो" म्हणून फोन ठेवला. वहिनींचे डोळे भरून आले.

साहेबांनी घसा खाकरला. "छान झालं. पण तो पासवर्ड..."

"तो मिळायचा नाही, साहेब," वहिनी दुसऱ्या दात्याचा नंबर फिरवत म्हणाल्या. "टायपिंगला दुसरं कुणीतरी बघा."