मुक्काम कुठी करता, डाक्तर?

फिरतीची नोकरी केली की किस्से आपोआप साठत जातात. गंमत म्हणजे कामाचे किस्से फारसे आठवत नाहीत, आठवतात ते मुक्कामाचे!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी डोळ्यांच्या शिबिरांवर फिरायचे. दवाखाना गडचिरोलीत, शिबिरं मात्र लांबलांबच्या गावांत. आम्ही तिघं. मी चष्म्याचे नंबर काढायचे, डॉक्टर नितीन तपासायचे आणि सत्तारभाऊ जीप चालवायचे. दिवस कलला की तिघांपुढे एकच प्रश्न : आज राहायचं कुठे?

*

नितीन पुण्याहून नवीनच आलेले. पहिला दौरा कुरखेड्याचा. शिबिर आटोपल्यावर सत्तारभाऊंना म्हणाले, "एखाद्या चांगल्या हॉटेलात घेऊन चला."

सत्तारभाऊंनी जीप थेट बाजारात नेली. नितीन बॅग घेऊन उतरले. समोर कढई, बाकडी आणि पोह्यांची परात!

तरी त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलंच, "रूम आहे का?"

"रूम नाई साहेब, तर्री हाय!"

नितीननी वळून सत्तारभाऊंकडे पाहिलं. सत्तारभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमीच म्हटलं ना, चांगलं हॉटेल. इथी याच्यापरीस चांगलं नाई. राहाचं असन तं लॉज म्हना ना!"

तेव्हापासून नितीन 'लॉज' म्हणायला शिकले. आणि पोह्यांवर तिखटजाळ तर्री ओतून खायलाही शिकले.

*

एका लॉजमध्ये ऐन थंडीत मी मॅनेजरला विचारलं, "गरम पाणी येतं का हो नळाला?"

"येते ना बाई! एप्रिल-मेमध्ये तं थंड येतच नाई!"

*

मग आरमोरीच्या रस्त्यावर एक नवीच पाटी लागली : 'मोटेल'. सत्तारभाऊंना खात्रीच होती की पेंटर चुकला.

चुकला नव्हता. मालक हैदराबादकडे कुठेतरी बघून आला होता. "मोटरवाल्याइचं हॉटेल ते मोटेल," तो आम्हाला सांगायचा. "गाडी खोलीच्या दारासमोर लावाची. उतरलं का पलंग!"

बिचाऱ्याने नियमही कडक ठेवला होता. एसटीने आलेल्या एका गुरुजींना त्याने आमच्यादेखत विचारलं, "गाडी कुठी हाय?"

"एसटीनं आलो ना भाऊ."

"मंग तुमाले मोटेल नाई जमत!"

आम्ही तिथे पहिल्यांदा राहायला गेलो त्या दिवशी जीप नेमकी फाटकाच्या अलीकडे बंद पडली. मी आणि नितीन मागून ढकलतोय, सत्तारभाऊ स्टिअरिंगवर. मालक धावतच आला. आम्हाला वाटलं, आता हाकलणार!

"या, या! चालून नाई राह्यली तरी गाडी ते गाडीच!"

सकाळी मी दार उघडलं तर समोर दोन बैल. शेजारच्या खोलीत धान विकायला आलेलं जोडपं उतरलं होतं, बैलगाडी दारासमोर! मी मालकाकडे तक्रार केली.

तो म्हणाला, "तुमच्या जीपपेक्षा बरे हायेत बाई. ढकलावं तं नाई लागत!"

*

एकदा जंगलातल्या विश्रामगृहात सोय झाली. खिडकीची जाळी फाटलेली. नितीननी चौकीदाराला जरा घाबरतच विचारलं, "इथे जनावरं येतात का हो?"

"येतात ना साहेब. अस्वल येते, रानडुक्कर येते. पन मुक्काम नाई करत."

"का?"

"त्याइले बी इथले मच्छर सोसत नाई!"

*

आणि ही कौसाबाई.

तलावाकाठच्या गावातली. सारा जन्म मासोळ्या धरण्यात गेलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. तलावावर जाणं बंद झालं होतं. सून हात धरून अंगणात आणायची. नितीननी तपासलं आणि म्हणाले, "ऑपरेशन केलं तर दिसेल. गडचिरोलीला यावं लागेल, दोन-चार दिवस राहावं लागेल."

"मी नाई येत."

सुनेने समजावलं, मी समजावलं. बाई हलेना. शेवटी म्हणाली, "डाक्तर, तुमी शिबिर करता अन् मुक्कामाले कुठी जाता?"

"आरमोरीला. मोटेलात."

"आमच्या गावात काऊन नाई राहात? तुमाले आमच्या इथी राहाचं भेव वाटते, तसंच मले तुमच्या तिथी राहाचं भेव वाटते!"

नितीन सत्तारभाऊंना म्हणाले, "जीपमधली माझी बॅग आणा. आज मी इथेच."

त्या संध्याकाळी आम्ही तिघंही कौसाबाईकडे जेवलो. भात आणि मासोळीचा झणझणीत रस्सा. नितीनचे डोळे-नाक वाहत होते, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सून हसून हसून सासूला सांगत होती, "डाक्तर रडून राह्यले बाई!"

सकाळी आम्ही निघालो तेव्हा कौसाबाई गाठोडं मांडीवर घेऊन आधीच जीपमध्ये बसलेली होती!

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी नितीन आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरले होते. त्यांचा आवाज मुळात भारदस्त, एखाद्या पोक्त माणसासारखा. त्या आवाजात त्यांनी विचारलं, "कौसाबाई, दिसतंय का?"

तिने डोळा किलकिला केला. आधी सुनेकडे पाहिलं. तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि नितीनना खालून वर न्याहाळलं.

"तूच काय रे डाक्तर?"

"हो."

"एवढासा पोरगा! मले आधी दिसलं असतं तं डोळ्याले हात नसता लावू देला!"

अख्खा वॉर्ड हसला. नितीन लाजून लाल!

कौसाबाई मात्र हसली नाही. पदर सारखा केला, दुसरा डोळा नितीनपुढे धरला आणि म्हणाली, "आता हा कवा करतं?"