एररअक्का

कॉम्प्युटरवर लाल चौकट आली की आमच्या लॅबमध्ये सगळे घाईघाईनं ती बंद करायचे. एररअक्का मात्र खुर्ची ओढून बसायच्या आणि चौकटीतलं इंग्रजी पहिल्या शब्दापासून शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्यानं वाचायच्या. मग ते मराठीत सांगायच्या, समोर डॉक्टर असले तर कन्नडमध्ये. मला म्हणायच्या, "नंदा, बंद कामून करायलीस? ते बिचारं काहीतरी सांगायलंय. पुरतं ऐकून तरी घे."

ही सवय त्यांना त्यांच्या गावची, कोहिनूरची. घरात शिकलेल्या त्या पहिल्याच. लहानपणी गल्लीत कुणाकडे कन्नडमधला सरकारी कागद आला, की तो वाचून मराठीत समजावण्याचं काम त्यांचं. "लोक अर्धा कागद ऐकून रडायला बसायचे," त्या सांगत, "आन खालच्या ओळीत नुसतं लिवलेलं, सोमवारी या म्हणून." त्यांचं खरं नाव सुजाता. गुलबर्ग्यातल्या तीन-चार लॅबचं सॉफ्टवेअर त्या एकट्या सांभाळत. मी राजेश्वर गावची, लॅबमध्ये रक्त तपासणारी टेक्निशियन. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान.

"एका टायमाला एकच गोष्ट बदल," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. "दोन बदलल्यास, तर कशानं बरं झालं ते कळत न्हाई." एकदा मी घाबरून तीन ठिकाणी बोटं घातली आणि दिवसभराचे रिपोर्ट अडकले. डॉक्टर चिडले होते. अक्का नुसत्या म्हणाल्या, "तू काय काय केलीस ते वळीनं सांग. रडत सांगितलीस तरी चालंल, पण वळीनं सांग." सांगता सांगता माझी चूक मलाच दिसली.

मग लॅबमध्ये नवा कॉम्प्युटर आला. रक्तपेशी मोजणारं मशीन मात्र जुनंच होतं. त्याचा प्रोग्रॅम बत्तीस बिटचा, आणि नव्या कॉम्प्युटरवर डेटाबेसला जोडणारा ड्रायव्हर चौसष्ट बिटचा. मशीन आकडे काढी, पण ते रिपोर्टपर्यंत पोचत नसत. आठवडाभर आम्ही हातानं रिपोर्ट लिहिले. मग अक्का आल्या, त्यांनी चौकट वाचली: ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांचं आर्किटेक्चर जुळत नाही. त्या हसल्या. "दुभाषा हाय की गं. पण शेजारच्या खोलीत बसलाय. ह्याची हाक त्याला ऐकूच जाईना." त्यांनी जुन्या प्रोग्रॅमला चालेल असा बत्तीस बिटचा ड्रायव्हर शोधला. त्याची जोडणी वेगळ्या जागी करावी लागते, तीही केली. तिसऱ्या दिवशी दुपारी चौकट यायची थांबली.

त्या तीन दिवसांत जिना चढताना त्या दोनदा थांबल्या होत्या. दंडावर निळा डाग होता. "टेबलाचा कोपरा लागला आसंल," म्हणाल्या. मीही ऐकून सोडून दिलं. मी, रोज रक्त बघणारी.

जोडणी तपासायला ताजं रक्त हवं होतं. "माझं घे," म्हणत अक्कांनी बाही वर केली. मशीन फिरलं, आणि पहिल्यांदाच आकडे आपोआप रिपोर्टमध्ये उमटले. पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार. दहा हजारांच्या आत असायला हव्या होत्या.

"शून्य वाढायलंय कुठंतरी," अक्का म्हणाल्या आणि शोधायला बसल्या. माझं रक्त लावलं, आकडा बरोबर आला. डॉक्टरांचं लावलं, तोही बरोबर. पुन्हा त्यांचं लावलं, पुन्हा एक लाख ऐंशी हजार. त्यांनी जोडणी काढून परत केली, एकेक रकाना तपासला. दरम्यान मी त्यांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. जिकडे बघावं तिकडे त्याच पेशी, कच्च्या, मोठ्या, एकमेकींना खेटलेल्या.

मी डोळा वर काढला नाही. पाठीमागून त्यांची बोटं कीबोर्डवर चाललेली ऐकू येत होती. त्या स्वतःची चूक शोधत होत्या आणि मी त्यांना शोधू देत होते. किती वेळ, ते आजही मला सांगता येत नाही.

"अक्का, थांबा आता."

"सापडलं व्हय? कुठं हाय चूक?"

"चूक न्हाई. आकडा बरोबर हाय."

त्यांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग अगदी हळू म्हणाल्या, "बरं. म्हंजे जोडणी नीट झाली." आणि उठून बाही खाली केली.

हैदराबादला रक्ताच्या कॅन्सरवर उपचार सुरू झाले. त्यांची आई सोबत होती. मी रोज अकरा वाजता फोन करी, एखादा एरर सांगे आणि त्या पडल्या पडल्या तो सोडवत. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. एके दिवशी लॅबमध्ये काहीच बिघडलं नव्हतं, तरी मी एक एरर रचून सांगितला. त्यांनी तो पुरता ऐकून घेतला. मग त्या म्हणाल्या, "नंदा, असा एरर नसतोय गं."

मी फोन ठेवू लागले.

"करत जा पण फोन," त्या म्हणाल्या. "खोटा आसला तरी कर."

त्यानंतर मी बावीस दिवस खोटे एरर सांगितले. त्या सगळे नीट ऐकून घेत, मध्येच दमत, आणि "उद्या सांगते" म्हणत. तेविसाव्या दिवशी पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. आवाज त्यांच्या आईचा होता.

"सुजा गेली बाई, सकाळी," त्या म्हणाल्या. "तुझा फोन येतो म्हणून हातात धरून बसलेय. मला ह्यातून दुसऱ्या कुणाला फोन लावता येत न्हाई. तू सांगतीस का समद्यांना?"