मोठेबाबांनी मोजलेलं जादूचं शहर

माझ्या शहरात मेलेल्या माणसाला न्यायला रस्ताच नव्हता.

ही चूक पकडली ती फक्त मोठेबाबांनी.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नोकरीभर जमिनीची मोजणी केली आणि रिटायर होऊन नाचणगावजवळच्या आमच्या गावी, आमच्याच घरी राहिले. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

ते असताना मी एका गेमसाठी जादूच्या शहराचा नकाशा करत होते, टॅबलेटवर. सात दरवाजे, राजवाडा, नदी, उडत्या पालख्यांचा तळ.

क्लायंटने दोनदा परत पाठवला. म्हणे, सुंदर आहे, पण इथं कोणी राहतं असं वाटत नाही. तिसऱ्यांदा परत आला असता तर काम गेलंच असतं. माझं पहिलं मोठं काम. घरात कोणाशी धड बोलत नव्हते मी.

एका दुपारी मोठेबाबा चष्मा पुसत शेजारी बसले आणि लाकडी पट्टी थेट स्क्रीनवर ठेवली. राजवाडा ते नदी, चार इंच.

मी झूम केलं. सात इंच.

मी कोणाच्या शेताचा बांध कोरून जमीन ढापल्यासारखं पाहिलं त्यांनी माझ्याकडे. अशी फुगणारी जमीन उभ्या नोकरीत पाहिली नव्हती म्हणे. मी झूम लॉक केलं, कोपऱ्यात स्केल टाकलं, तेव्हा कुठे साहेब शांत झाले.

मग एकेका दरवाजावरून बोट फिरवत गेले.

"मयत कोठून नेतात?"

म्हटलं, मोठेबाबा, जादूचं शहर आहे, इथं कोणी मरत नाही.

"मंग जागा कशी पुरंन?"

घ्या. मी पेन उचललं.

ते बोटाने दाखवत गेले, मी नव्या लेयरवर काढत गेले. दक्षिणेच्या दरवाजातून बाहेर, नाल्याच्या कडेने, दोन वळणं. कडुनिंबाखाली वाट जरा रुंद, खांदा बदलायला. मग नदी, वस्तीच्या खालच्या अंगाला.

मला शॉर्टकट सुचला, एका शेतातून. त्यांचा आवाज बदलला.

"नाई. माह्या बापाले लोकाच्या वावरातून नेलं आपण, शिव्या खात. वाट सरकारीच पायजे."

हे मला घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं.

नकाशा पास झाला. क्लायंटने एवढंच विचारलं, ती नदीकडची वाट कोणाला सुचली? मोठेबाबांनी त्या आनंदात गोरसपाक बिस्किटांचा अख्खा डबा एकट्याने संपवला.

गेल्या वर्षी याच दिवशी त्यांना नेताना मीही चालले, स्मशानाच्या वाटेने पहिल्यांदाच.

दक्षिणेला वळलो. नाला लागला. दोन वळणं. कडुनिंबाखाली लोकांनी खांदा बदलला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही तर माझ्याच नकाशातली वाट. माझे बाबा हळूच म्हणाले, नोकरीत असताना ही मोठेबाबांनीच मोजून मोकळी करून घेतली होती.

खूप रडले मी. आणि खरं सांगते, बरंही वाटलं. कोणाच्या वावरात पाय पडला नाही.

मोठेबाबा, मोजणी बरोबर निघाली तुमची.

प्रेमाने निरोप.