शाळेचा इतिहास आणि आम्ही तिघं

शाळेचा इतिहास लिहायला बसलं की इतिहास राहतो बाजूला, आणि किस्सेच जमत जातात. एक सांगून होत नाही तोवर दुसरा आठवतो. मग तिसरा माणूस म्हणतो, ‘थांब, तुझं चुकून राह्यलं!’ झालं! वही तशीच कोरी.

आम्ही तिघं आहोत. मी सुलोचना. आयुष्यभर तेलुगू शाळेत गणित शिकवलं आणि रिटायर झाले. दुसरा प्रल्हाद, आदिलाबादच्या कोर्टातला वकील. पुराव्याशिवाय एक ओळ लिहू देत नाही. तिसरा किसन. कापूस-ज्वारीचा शेतकरी, तोंडाचा एकदम सरळ.

इचोड्यापासून आत, आडवाटेच्या गावात आमची शाळा. पहिल्या वर्गात बसलो तेव्हा निजामाचं राज्य होतं. मग हैदराबाद संस्थान भारतात आलं. मॅट्रिक व्हायच्या आत भाषावार राज्यं झाली आणि आम्ही आंध्रात गेलो. तरटपट्टीवरून न उठता तीन राज्यांत शिकलेली मुलं आम्ही!

आता ती जुनी इमारत पाडणार आहेत. तिथल्या नव्या हेडमास्तरांनी सहज विचारलं, ‘मॅडम, ही शाळा कधीची? कोणाला माहीत असेल?’ त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बसले की उठते, फोन ठेवला की पुन्हा उचलते. कारण ‘कोणाला माहीत असेल’ या यादीत आता फार नावंच उरली नाहीत.

*

पहिल्या बैठकीला प्रल्हाद प्रस्तावना लिहूनच घेऊन आला. ‘अरण्याच्या कुशीत ज्ञानाची गंगा अवतरली’ वगैरे दीड पान.

किसननं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वकीलसायब, शाळेत प्यायला पानी नोतं. मुलं घरून तांब्या आनत. अन् तू गंगा काऊन सोडून राह्यला?”

प्रस्तावना तिथंच संपली!

*

निजामाचं राज्य गेल्यावर त्याच्यासाठीची दुआ बंद झाली. नवी प्रार्थना वरून यायची होती. ती काही येईना. रोज सकाळी आम्ही रांगेत हात जोडून उभे, आणि म्हणायचं काय हे कोणालाच ठाऊक नाही! दोन-तीन दिवस नुसते कावळे ऐकले. शेवटी ड्रिलमास्तर वैतागले आणि ओरडले, “पाढे म्हणा रे!”

तेव्हापासून रोज एकोणतीसचा पाढा. आम्हीही तो चांगला चालीवर लावला.

एक दिवस नवे इन्स्पेक्टर तपासणीला आले. ते बाहेरचे, मराठी येत नव्हतं. पाढा सुरू झाला तसे ते थबकले, चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले. ‘एकोणतीस दाहे दोनशे नव्वद’ होईपर्यंत हलले नाहीत.

जाताना शेऱ्याच्या वहीत इंग्रजीत लिहून गेले, ‘प्रार्थना उत्तम. मुलांत भक्तिभाव आहे.’

*

शाळेत मुलगी मी एकटी. माझ्या वडिलांचा हट्ट. पण नियम म्हणजे नियम. ड्रिलला मुलांच्या चार रांगा आणि मुलींची रांग वेगळी. त्या रांगेत मी.

ड्रिलमास्तर मुलांच्या रांगा सरळ करत करत यायचे. माझ्यापुढे थांबायचे, एक डोळा मिटून खालपासून वरपर्यंत बघायचे आणि खेकसायचे, “मुलींची रांग वाकडी आहे!”

*

प्रल्हादला पुरावे हवे होते, म्हणून तिघांनी शाळेत नाव घातल्याचे आपापले दाखले शोधून काढले. सगळे उर्दूत. आम्ही थोडी उर्दू शिकलो होतो, पण ती केव्हाच पुसली गेली. वडील गेल्यावर घरात उर्दू वाचणारंच कोणी राहिलं नाही.

इचोड्याला हमरस्त्यावर ट्रकांचे पंक्चर काढणारे एक म्हातारे मियाँ होते. ते वाचतात असं कळलं. टायरवर बसून त्यांनी पहिला दाखला वाचला, “पैदाइश, अमर्दाद की पहली तारीख.” अमर्दाद म्हणजे निजामाच्या कॅलेंडरातला जूनच्या सुमाराचा महिना. दुसरा वाचला. अमर्दाद की पहली. तिसरा वाचला. तेच!

शाळा उघडायच्या सुमारास नाव घातलं, की मास्तर सोयीची तारीख लिहून मोकळे होत. वर्षसुद्धा तिघांचं एकच.

मियाँनी चष्मा वर केला. आधी काळ्या किसनकडे पाहिलं, मग गोऱ्या प्रल्हादकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, “माशाल्ला! तिळे हो क्या?”

प्रल्हाद म्हणाला, “हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही.”

*

किसनचं गाव शाळेपासून कोसभर, मधे एक नाला. रोज पाटी डोक्यावर धरून नाला ओलांडायचा आणि शाळेत यायचं. पाऊस जास्त झाला की उशीर, आणि उशीर झाला की छडी.

राज्यांची वाटणी झाली तेव्हा किनवटकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला. किसनचं गाव तिकडे, शाळा इकडे. त्याचा बाप कचेरीत विचारायला गेला, “सायब, आमी कोन्या राज्यात हाओ?” कारकुनानं नकाशा पाहिला आणि म्हणाला, “पोरगं दिवसा आंध्रात, रात्री मुंबईत.”

बाप घाबरला. मुंबई म्हणजे समुद्र, एवढंच त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी किसन तासभर उशिरा आला. चिखलानं भरलेला. मास्तरांनी छडी उचलली. “काऊन रे, आज पुन्हा?”

किसन ताठ उभा राहिला. “सर, परराज्यातून येऊन राह्यलो!”

मास्तरांची छडी हवेतच राहिली. हसून पोट दुखलं आमचं. पण दोन महिन्यांनी किसनला खरंच शाळा सोडावी लागली. परराज्यातलं पोरगं इथं ठेवता येत नाही, तिकडच्या शाळेत नाव घाला, असा हुकूम आला, आणि तिकडे शाळाच नव्हती. हा भाग तो सांगत नाही. किसन समोर असला की मीही सांगत नाही.

*

आंध्रात गेल्यावर मास्तरांनाही तेलुगू शिकावं लागलं. आमचे गोविंदमास्तर पन्नाशीचे. उर्दूत नोकरीला लागले, मराठीत रुळले, आणि आता तेलुगूची परीक्षा! नापास झाले तर पगारवाढ बंद. मग ते आमच्याच वर्गात, मागच्या ओळीत, मांडी घालून बसू लागले. शिकवायला किनारपट्टीकडून आलेले एक तरुण सर. ते गोविंदमास्तरांना फार लाजायचे.

मास्तर मला हळूच विचारायचे, “सुले, हे ‘क’ आहे का ‘त’?” मी सांगायची. त्यांची वही मी तपासायची आणि माझी मराठीची वही ते. दोघंही एकमेकांना मार्क जास्त द्यायचो.

चाचणी झाली. सरांनी पेपर वाटले आणि म्हणाले, “फेल झालेले उभे राहा.”

गोविंदमास्तर हळूच उठून उभे राहिले.

मास्तर उभे आणि आपण बसलेले, हे कसं चालेल? क्षणात सगळा वर्ग उभा!

सर कपाळाला हात लावून म्हणाले, “अय्यो! अंदरू फेला?” म्हणजे, सगळेच नापास?

मास्तर पुढच्या वर्षी पास झाले. पेढे वाटले, पण ते वाटताना मान खालीच होती. मी पुढे तेलुगू शाळेत शिकवायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला त्यांची ती मान आठवली.

*

एक गोष्ट आम्ही तिघं इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो.

निजामाच्या काळातले आमचे हेडमास्तर. सगळे त्यांना सदरसाहेब म्हणायचे. मुसलमान, उंच, बोलायला मऊ. भारताची फौज आली आणि निजामानं हार मानली, त्या आठवड्यात गावात कोण कोणाला घाबरत होतं ते सांगता येणार नाही. सगळेच घाबरलेले. त्या सकाळी आईनं मला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. प्रल्हादच्या दाराशी त्याचे काका बसले. किसनला बापानं नाल्यावरूनच परत नेलं.

आणि शाळेची घंटा वाजली. चपराशी पळून गेला होता, सदरसाहेब स्वतः वाजवत होते. थांबत होते, पुन्हा वाजवत होते. सगळ्या गावानं ऐकली. कोणीही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सदरसाहेब बायको-मुलीला घेऊन बैलगाडीनं गाव सोडून गेले.

परवा कळलं, त्यांची मुलगी, आपा, मंचेरियलला असते. तिचा मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला. आम्ही बस पकडून गेलो. दारात आपा उभ्या. आमच्याच वयाच्या पण घरीच शिकलेल्या, वडिलांसारख्याच उंच. मराठी अजून विसरल्या नव्हत्या. शाळेचा काही कागद आहे का, असं विचारलं तर कपाटातून जुन्या ओढणीत बांधलेलं हजेरीपुस्तक काढलं. सदरसाहेब ते बरोबर घेऊन गेले होते.

प्रल्हाद म्हणाला, “शेवटचं पान वाचा, आपा.”

आपांनी आधी तारीख वाचली, घंटा वाजली त्याच दिवसाची, आणि मग बोट ठेवून उर्दू नावं वाचू लागल्या. “किसन वल्द मारोती, हाजिर. प्रल्हाद वल्द गणपत, हाजिर. सुलोचना...” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ही तुम्हीच ना? हाजिर.” बोट खाली सरकत गेलं. प्रत्येक नावापुढे तेच. सगळ्यात खाली सदरसाहेबांची सही.

“अब्बा शेवटपर्यंत सांगायचे,” आपा म्हणाल्या, “आखरी दिन एक भी बच्चा घर नहीं बैठा. तुम्ही पण होतात ना?”

मी जमिनीकडे पाहिलं. प्रल्हादनं घसा खाकरला.

“होतो, आपा,” किसन म्हणाला. “नाला भरून होता, तरी आलतो. पह्यल्या रांगेत होतो मी.”

आपा हसल्या. चहा टाकायला आत गेल्या.

प्रल्हादनं वही उघडली आणि पेन काढलं. ‘त्या दिवशी हजेरी पूर्ण होती,’ त्यानं लिहिलं. मग मान वर न करता मला विचारलं,

“सुले, पूर्णचा ‘पू’ दीर्घच ना?”