मेजरांची रिमोटची गाडी

आमच्या शेजारच्या माणसाला सगळं आष्टा गाव नुसतं 'मेजर' म्हणतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत, डोंगरातल्या घाटांवर अवजड ट्रक चालवले. आता साखरेच्या आजारानं त्यांची नजर जात चालली आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले, त्याच आठवड्यात मेजरांनी रिमोटवर पळणारा, दांडग्या चाकांचा मॉन्स्टर ट्रक बांधायला घेतला.

विकतचा परवडणारा नव्हता. मोडक्या ड्रोनची ब्रशलेस मोटार, भंगारातल्या ई-स्कूटरचे सेल, खिडकीच्या ॲल्युमिनियमची चौकट, असं त्यांनी चाचपत जुळवलं. तारांना डाग देताना बोटं भाजायची. मी चुकचुकलो की म्हणायचे, "काय न्हाई गड्या, रिपोर्ट ओके."

परवा सकाळी गाडी तयार झाली. आम्ही ऊस तुटलेल्या रानात गेलो. त्यांनी रिमोट दाबला, गाडी सुसाट सुटली आणि दहा पावलांवर त्यांच्या नजरेआड झाली. पुढं ढेकळावर आदळून उलटी पडली. चाकं हवेत गरगरत राहिली.

"पळतीया न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय मेजर, लय झकास पळतीया."

त्यांनी कान तिकडं केला. मग हळूच म्हणाले, "खोटं बोलू नगंस रं. चाकं भुईला न्हाईत, मोटार मोकळी वरडतीया."

मी गाडी उचलायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. रिमोटवरचं बोट मात्र काढलं नाही. बॅटरी संपून आवाज थांबेपर्यंत ते तसेच ऐकत उभे राहिले.